कोंडलेले ऊन

नव्वदच्या दशकातल्या एका कोरड्या वर्षी, पुनर्वसू नक्षत्र सरत असताना, बारामतीबाहेरच्या एका शेती प्रक्षेत्रावरील हवामान वेधशाळेतून काचेचा एक भरीव गोळा चोरीला गेला. तो ऊन मोजण्याच्या यंत्राचा होता. कुंपण शाबूत होते, फाटकाची कडी लावलेली होती आणि यंत्राचा पितळी भाग जागच्या जागी होता.

मी तेव्हा तालुक्यातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. नोकरीत यापेक्षा मोठे गुन्हे हाताळले. त्यांतले पुष्कळसे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. हा मात्र सुटा राहिला आहे, पंचनाम्यातल्या ओळींसकट.

वेधशाळा म्हटल्यावर मोठी इमारत डोळ्यांसमोर येते. इथे कन्हेरीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या अंगाला तारेच्या कुंपणातला गवताचा एक चौकोन होता. त्यात चार पायांवर उभी पांढरी लाकडी पेटी, तिच्यात तापमापके. पाऊस मोजायचे नरसाळे. वाऱ्याची दिशा दाखवणारा बाण. आणि एका दगडी खांबावर पितळी वाडगा. वाडग्यात कवठाएवढा काचेचा गोळा, त्याच्यामागे कागदाची पट्टी. ऊन पडले की काचेतून ते एका ठिपक्यावर येते आणि सूर्य सरकेल तशी पट्टीवर काळी रेघ जळत जाते. ढग आला की रेघ तुटते. सूर्य मावळल्यावर पट्टी काढायची, रेघ मोजायची आणि दुसऱ्या दिवसासाठी नवी घालायची.

हे काम एकच गृहस्थ करत. प्रक्षेत्रावर त्यांना सगळे तात्या म्हणत. अंगाने बारीक, पन्नाशी ओलांडलेले, बोलता बोलता वर बघायची सवय लागलेले. रोज सकाळी आणि दुपारी ठरल्या वेळी ते चौकोनात जाऊन आभाळाची नोंद घेत. आभाळाचे मनाने आठ भाग करायचे आणि त्यातले किती ढगाने झाकले आहेत ते लिहायचे. काहीच नसेल तर शून्य, सगळे भरले तर आठ. नोकरीला लागल्यापासून त्यांनी एकही दिवस कोरा जाऊ दिला नव्हता.

फिर्याद प्रक्षेत्र अधिकाऱ्यांनी दिली. संशय तात्यांवर होता आणि तो त्यांनी फिर्यादीतच नमूद केला. गोळा तात्यांच्या हातून फुटला असावा, तुकडे लपवून त्यांनी चोरीचा बनाव केला असावा, असे त्यांचे म्हणणे. तसा गोळा जिल्ह्यात कुठे मिळत नाही. तो सापडला नाही तर तात्यांना निलंबित करावे, असा प्रस्ताव वर जाणार होता. कागद टंकलिखित करून टेबलावर ठेवलेला होता. तो मी वाचला.

घटनास्थळाचा पंचनामा केला. रिकाम्या वाडग्याच्या तळाशी चिमूटभर पिवळी भुकटी दिसली. पुडीत नमुना घेतला, सील केले. दोन पंचांपैकी एक शेजारच्या मळ्यातले भाजीवाले शेतकरी होते. सही करून झाल्यावर त्यांनी सहज वाडग्याला बोट लावले आणि ते बोट कपाळाला टेकवले. मी ते पाहिले. त्याचा अर्थ लावला नाही.

तात्यांना ठाण्यात बोलावले. चौकशी दोन दिवस चालली. ते बाकावर बसून विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देत आणि मध्येच खिडकीतून बाहेर बघत. पहिल्या दुपारी ते एकाएकी उठून उभे राहिले.

"साहेब, दुपारचं निरीक्षण राहिलंय. जाऊन येतो. एखादा माणूस संगं द्या हवं तर."

हवालदार पणदऱ्याकडचे होते, जिभेने तिखट. ते म्हणाले, "तात्या, नोकरी जायची येळ आली आन तुमी आभाळ मोजाय निघालाय व्हय?"

"नोकरी अजून हाय ना? मग मोजाया नगं?"

एक शिपाई सायकलवर बरोबर दिला. परत आल्यावर त्याने स्टेशन डायरीत जाण्यायेण्याची नोंद केली आणि तात्यांनी त्याला सांगितलेलेही खाली लिहिले: आकाश निरभ्र. दुसऱ्या दिवशीही तसेच झाले. त्या आठवड्याच्या आमच्या डायरीत मारामारी, हरवलेली म्हैस आणि बंदोबस्ताच्या नोंदींच्या मध्ये आभाळाच्या नोंदी आहेत. वार्षिक तपासणीत वरिष्ठांनी त्याबद्दल विचारणा केली, तेव्हा लेखी खुलासा द्यावा लागला.

चौकशीत तात्या चिडले नाहीत, रडलेही नाहीत. त्यांची एकच तक्रार होती. आभाळ डोळ्यांनी मोजता येत होते, पण गोळ्याशिवाय ऊन मोजता येत नव्हते. खिडकीबाहेर बोट दाखवून ते म्हणाले, "एवढं ऊन चाललंय, साहेब, आन नोंद कशाचीच न्हाय. हे दिस परत यायचं न्हाईत."

हवालदार बाहेर येऊन मला म्हणाले की सगळा तालुका उन्हाला शिव्या देतोय आणि हा गडी ते वाया चाललं म्हणून झुरतोय. असा माणूस गोळा फोडेल हे त्यांना पटत नव्हते. मलाही नव्हते. पण पटणे हा पुरावा नसतो.

कुंपणाच्या आत कोणी येते का, हे मी तात्यांना तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारले. तिन्ही वेळा त्यांनी कोणी नाही असेच सांगितले. खोटे ते बोलत नव्हते. हा प्रश्न विचारला की माणूस परके चेहरे आठवून बघतो. रोजचे माणूस त्याच्या हिशेबात येत नाही.

एक गोष्ट सुरुवातीपासून खटकत होती. चोराने पितळ ठेवले आणि काच नेली. तरीही रीत म्हणून भंगारवाले तपासले. बारामतीत काही निघाले नाही, म्हणून इंदापूरला गेलो. तिथल्या एका जुन्या भंगारवाल्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "पितळ सोडून काच नेणारा चोर माझ्याकडं येत न्हाय, साहेब. त्याला आधी दवाखान्यात बघा."

परतण्याआधी इंदापूरच्या ठाण्यात चहाला थांबलो. तिथे वरकुट्याचे पोलीस पाटील आले होते. येत्या सोमवारी गावच्या महादेवाला गर्दी होईल, एखादा शिपाई द्या, एवढेच त्यांचे काम होते. ठाणे अंमलदारांनी विचारले, महादेव कोंडलाय का.

ही चाल त्या भागात सगळ्यांना माहीत आहे. पावसाने ओढ दिली की गाव मिळून गाभाऱ्याचा उंबरा चिखलमातीने बांधून काढते आणि घागरी ओतून पिंड बुडेपर्यंत पाणी भरते. देव गुदमरला की पाऊस सोडतो, अशी श्रद्धा. पाटबंधाऱ्याचे पाणी आलेल्या गावांतून ती चाल मागे पडली होती. वरकुट्याकडच्या जिरायत वस्त्यांवर टिकून होती.

पाटील म्हणाले, "म्हादेव तर दर दुष्काळाला कोंडतो आमी. औंदा म्हणत्यात, ऊन कोंडलंय. कुणी कोंडलं, कसं कोंडलं, ठाव न्हाय. बायामाणसं लांबनं बघाय येत्यात आन कायबी न दिसता माघारी जात्यात."

अंमलदार हसले. मला पंचाचे कपाळाला टेकलेले बोट आठवले. वाडग्यातली पिवळी भुकटी म्हणजे भंडारा होता, देवाला वाहायची हळद. गोळा नेणाऱ्याने नेण्याआधी त्याची पूजा केली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरकुट्याला गेलो. बरोबर हवालदार, इंदापूर ठाण्याचा एक शिपाई आणि ओळख पटवण्यासाठी तात्या. गावाबाहेर माळावर दगडी देऊळ, आत एका माणसापुरता गाभारा, मांडीएवढे पाणी. उंबऱ्याशी एक म्हातारी बसली होती. तिच्याकडे बघून तात्या जागीच थांबले.

"मावशे, तू हितं कशी?"

"ये तात्या. मला वाटलंच, तूच यीशील. ह्यास्नी कशाला आणलंस?"

वरकुटे तिचे माहेर. राहायला ती कन्हेरीला लेकीकडे होती आणि प्रक्षेत्रावर रोजाने खुरपायला जात असे. वेधशाळेच्या चौकोनातले गवत बोटभर ठेवावे लागते, नाहीतर मोजमाप चुकते. ते गवत काढायचे काम तिचे होते. ती बरेच दिवस कामावर आली नव्हती, पण रोजंदारीच्या बाया येतात-जातात म्हणून कोणी विचारलेही नव्हते.

मी तिला गोळा कुठे आहे ते विचारले.

"हितंच हाय. हात घाला. पर चपला काढा."

मी आत पाहिले. पाणी नितळ होते. पिंड दिसत होती, तळाशी बसलेली बेलाची पाने दिसत होती, तिसरे काही नव्हते. हवालदारांनी बूट काढले, बाही वर केली आणि पिंडीच्या शेजारी हात घातला. त्यांची मूठ पाण्यात कशाभोवती तरी वळलेली दिसली. त्या मुठीतही काही दिसत नव्हते. हात पाण्याबाहेर आला तेव्हा हातात गोळा होता. गाभाऱ्यातल्या मंद उजेडात, पाण्यात बुडवलेली भरीव काच डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो.

तात्यांनी गोळा धोतराच्या सोग्याने पुसला आणि उजेडात फिरवून बघितला. चरा नव्हता. मग त्यांनी पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिले.

"मागितला असतास तर..."

"दिला असतास?"

तात्या गोळा पुन्हा पुसू लागले.

म्हातारीचा जबाब देवळाच्या पायरीवरच लिहून घेतला. तिने काहीही लपवले नाही. तिच्या सासरी पूर्वी सगळ्यांकडे मेंढरे होती. दिरांनी ती विकली. एकाने पाण्याखालची जमीन कसायला घेतली, एक कारखान्याच्या ट्रकवर गेला. कळप राहिला तो एकट्या तिच्या मुलाकडे. दिवाळी झाली की तो कोकणात उतरे आणि मृगाच्या सुमाराला घाट चढून घरी येई. त्या वर्षी तो घाट चढला, पण इकडे गवताची काडी नव्हती. तिथूनच वाट बदलून तो पुढे गेला. लोकर घ्यायला फिरणाऱ्या एका माणसाबरोबर त्याचा निरोप आला होता: तिकडे आभाळ भरले की येतो. कुठे आहे ते निरोप्यालाही नेमके सांगता आले नव्हते.

गोळ्याबद्दल तिला तात्यांनीच सांगितले होते. खुरपणाच्या बायांनी विचारले की ते कौतुकाने दाखवत: हा गोळा ऊन धरतो. तिने खुरपता खुरपता सगळा उन्हाळा पाहिले. गोळ्यावर ऊन आले की पट्टी जळे, वर ढगाचा ठिपका नसे. ज्या दिवशी पट्टी जळायची थांबे, त्या दिवशी वर ढग असे. त्यावरून तिने निष्कर्ष काढला. गोळा दिवसभर ऊन धरून ठेवतो, म्हणून ढग ठरत नाही. मग माहेरी महादेव कोंडल्याचे तिला कळले. एके सकाळी तिने वाडग्यात भंडारा टाकला, हात जोडले, गोळा धडुत्यात बांधला आणि इंदापूरची एसटी धरली. कंडक्टरने गाठोड्यात काय आहे विचारले. तिने देव आहे म्हणून सांगितले. त्याने पुढे विचारले नाही.

तात्या पायरीवर तिच्या शेजारी बसले.

"मावशे, ढग नसतो म्हणून पट्टी जळती."

"व्हय. आन पट्टी जळती म्हणून ढग नसतो."

"तसं न्हाय गं."

"मग तू सांग, तुझ्या गोळ्यानं इतकी वर्सं ऊन धरलं, एक दिस तरी ढग आणला का?"

ती माझ्याकडे वळली. आवाज तोच होता, विनवणीचा नव्हता.

"अजून चार दिस ऱ्हाऊ द्या, साहेब. म्हातारा पाऊस लागलाय. आभाळ भरल्याबिगर माझा ल्योक यायचा न्हाय, आन ह्यो गोळा बाहीर असला का आभाळ भरायचं न्हाय. तुमाला गोळाच पायजे. मला माझा ल्योक पायजे."

पुष्य नक्षत्राच्या पावसाला त्या भागात म्हातारा पाऊस म्हणतात. आभाळ त्या दिवशीही रिकामे होते. गोळा जप्त केला.

तिला अटक केली नाही. चोरी म्हणायला लबाडीचा हेतू लागतो. माझे वरिष्ठ नाराज झाले. मुद्देमाल सापडलाय, कबुली आहे, आरोपी समोर आहे, मग अडले कुठे, असे त्यांनी विचारले. पुरवणी जबाबासाठी म्हातारीला ठाण्यात बोलावले, त्या दिवशी त्यांना उत्तर मिळाले.

मुद्देमालाला चिठ्ठी डकवायची म्हणून हवालदारांनी गोळा बाहेर काढला आणि खिडकीतल्या कागदांवर ठेवला. खिडकी पश्चिमेची, वेळ दुपारची. आम्ही जबाबात गुंतलो होतो. धुराचा वास आला. खालच्या कागदाच्या कोपऱ्याला काळे वर्तुळ पडून ते पसरत चालले होते. हवालदारांनी डोक्यावरची टोपी काढून गोळ्यावर टाकली.

"साहेब, पुरावाच पेटला."

बाकावरून म्हातारी म्हणाली, "बघा. मी खोटं बोलत व्हते का?"

वरिष्ठ दारात उभे होते. त्यांनी म्हातारीकडे पाहिले, टोपीखालच्या गोळ्याकडे पाहिले आणि आत निघून गेले. प्रकरण गैरसमजुतीतून घडले म्हणून 'क' समरी मंजूर करावी, म्हणजे खटला न भरता तपास बंद करावा, असा अहवाल मी न्यायालयात पाठवला. ती मंजूर झाली. सोबत गेलेल्या पंचनाम्याच्या डाव्या कोपऱ्याला जळाल्याचे भोक आहे.

आदेश येईपर्यंत गोळा मुद्देमालाच्या खोलीत कापडात गुंडाळलेला होता. तात्या बाजाराला आले की ठाण्यात डोकावत. गोळा दाखवा असे कधी म्हणाले नाहीत; अंधारात आहे ना, एवढेच विचारत. त्या दिवसांत पाऊस पडला नाही. हवालदारांनी ही गोष्ट म्हातारीला मुद्दाम सांगितली. ती म्हणाली, पाण्यात ठेवला होता तेव्हा पडणार होता, तुम्हीच बाहेर काढला.

गोळा सुपुर्दनाम्यावर परत दिला, तेव्हा तो खांबावर बसवताना मी हजर होतो. निलंबनाचा प्रस्ताव मागे घेतला गेला होता. म्हातारीला कामावर ठेवायला प्रक्षेत्र अधिकारी तयार नव्हते. तात्यांनी त्यांना सांगितले की चौकोनातले गवत तिच्याइतके सारखे कोणी काढत नाही. ते खरे होते. ती परत आली.

पुढे कामानिमित्त त्या रस्त्याने जाताना मी दोन-तीनदा थांबलो. संध्याकाळी पट्टी काढायच्या वेळेला म्हातारी कुंपणाशी उभी असे. तात्या पट्टी काढून तिला दाखवत. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काळी रेघ असे.

"आज किती?" ती विचारी.

"दुपारी ढग दोन भाग व्हतं."

"आठात दोन म्हंजी चार आणं."

पिकाची सोळा आण्यांतली आणेवारी तिला ठाऊक होती; आभाळालाही तिने तोच हिशेब लावला होता. एकदा मी तिला विचारले, अजून गोळ्यावरच राग आहे का. तिने मान हलवली. म्हणाली, "राग कशाचा? त्योबी वरच बघत बसलाय की."

मग ती कन्हेरीकडे चालू लागे. रस्ता सरळ आहे, बऱ्याच लांबपर्यंत दिसतो. ती मध्येच थांबून मागे, घाटाच्या दिशेला बघे.

श्रावण कोरडा गेला. मघा गेल्या, पूर्वा गेल्या. वेधशाळेच्या त्या वर्षीच्या नोंदींत उन्हाच्या रकान्यात गोळा नव्हता तेवढ्या दिवसांवर आडव्या रेघा आहेत. आभाळाचा रकाना पूर्ण भरलेला आहे. शून्य, एक, शून्य, दोन असे आकडे खाली उतरत जातात. उत्तरा नक्षत्र लागल्यावर ते वाढू लागतात. एका दुपारच्या निरीक्षणात आकाश आठ अष्टमांश आहे. त्या दिवशीची पट्टी कोरी निघाली. पुढच्या पानांवर पाऊस आहे.

त्यानंतर पंधरवड्याने, सकाळी, कन्हेरीचा एक शेतकरी ठाण्यात तक्रार घेऊन आला. आदल्या संध्याकाळी मेंढरांचा कळप त्याच्या कडवळात, चाऱ्यासाठी पेरलेल्या ज्वारीत, शिरला होता. अर्धे कडवळ खाल्ले, उरलेले तुडवले, असे तो सांगत होता. हवालदारांनी कळप कुणाचा विचारला. शेतकऱ्याने मेंढपाळाचे नाव सांगितले. हवालदारांनी लेखणी थांबवून माझ्याकडे पाहिले. ते नाव वरकुट्याच्या पायरीवर म्हातारीच्या जबाबात त्यांनीच लिहून घेतले होते.

त्यांनी शेतकऱ्याला विचारले, त्याची आई घरी होती का.

"व्हती की. मी भांडाय गेलो तर मलाच च्या पाजला."

तक्रार अदखलपात्र म्हणून नोंदवून घेतली.